चहातल्या साखरेपासून सुरुवात करा: सवयी एकेक करून कशा बदलायच्या

मार्च २०२३ मध्ये ऑफिसतर्फे झालेल्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) ६.२ आलं, म्हणजे डायबेटिसच्या काठावर. वय तेव्हा ४३, वजन ७१, उंची पाच फूट दोन इंच, कंबर ३७. आईला शुगर, मामाला शुगर, त्यामुळे कधीतरी आपलाही नंबर लागणार हे डोक्यात होतंच, फक्त "कधीतरी" म्हणजे साठीनंतर असं मी धरून चालले होते.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी पाच सवयी बदलल्या. दीड वर्षात पाच म्हटलं की लोक हसतात, माझी बहीण तर हसलीच. पण पाचही अजून टिकून आहेत, एचबीएवनसी ५.८ आहे आणि वजन ६५. ५.८ म्हणजे अजून काठावरच, त्यामुळे मी शुगर पळवून लावली वगैरे काही सांगणार नाहीये. कसं केलं, कुठे फसले आणि तुमचा कुठे वेळ वाचेल एवढंच सांगते.

आणि हो, याआधी मी सगळं एकदम करून बघितलेलं आहे. २०१९ चा जानेवारी. तेव्हा प्रत्येक ग्रुपवर दीक्षित की दिवेकर, म्हणजे कुणाचा डाएट पाळायचा, हा वाद पेटलेला, दोनदाच खायचं की दर दोन तासांनी, आणि मी येडी एकाच महिन्यात दोन्ही करून बसले, दोघांपैकी कोणाचंच धड पाळलं नाही. सोबत पहाटे पाचचा अलार्म, ग्रीन टी, ओट्स आणि एका जिमची वर्षाची फी एकरकमी. संक्रांतीपर्यंत टिकलं. तिळगुळाची पहिली वडी तोंडात गेली आणि आता मोडलंच आहे तर म्हणून दुसऱ्या दिवशी बटाटेवडे केले.

## १. आधी रिपोर्ट घ्या, डॉक्टरांशी बोला

हे टाळून पुढे जाऊ नका. रक्ताची उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन, एवढं एकदा करून घ्या. आकडे वाचायचे कसे तर एचबीएवनसी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या आधीचा टप्पा), ६.५ पासून पुढे डायबेटिस. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, १२६ पासून डायबेटिस, अर्थात एका टेस्टवर डॉक्टर सहसा शिक्का मारत नाहीत, परत करायला सांगतात.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण मला कोणी सांगितली नव्हती. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. माझं हिमोग्लोबिन १०.४ होतं. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर वेगळी करायला लावली. तीही काठावरच आली, म्हणजे सुटका नव्हती, पण निदान आकडा कशाचा आहे ते कळलं.

तुम्हाला आधीच डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करणं आणि चालणं वाढवणं हे स्वतःच्या मनाने करू नका. गोळी तीच आणि जेवण अर्धं झालं की शुगर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस पडूही शकतो. आधी विचारा, डोस बदलायचा का ते त्यांना ठरवू द्या.

घाबरलेल्यांसाठी थोडा दिलासा. आयसीएमआरचा (वैद्यकीय संशोधन करणारी सरकारी संस्था) देशभरातला मोठा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात भारतात साधारण १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिसचे निघाले, म्हणजे या रांगेत आपण एकटे नाही. आणि या टप्प्यावर सवयी बदलून फरक पडतो हेही मोजून झालेलं आहे. अमेरिकेत २००२ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत ज्यांना वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच टार्गेट दिलं होतं त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईत आपल्या लोकांवर झालेल्या चाचणीत २००६ साली हा आकडा २८.५ टक्के आला. कमी आहे, पण बिनगोळीचा आहे. सात टक्के म्हणजे माझे जेमतेम पाच किलो, हा हिशोब केला तेव्हा मला पहिल्यांदा हे आवाक्यातलं वाटलं.

## २. सामान जमवा (फार काही लागत नाही)

- रिपोर्टची फाईल, जुनेही ठेवा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची एक चिठ्ठी
- शिंप्याची टेप. कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० च्या आत हवी
- भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचे खाडे जिथे लिहिता तीच चौकट
- चहाचा एकच ठरलेला चमचा
- पायाला न लागणारे बूट, घरात असतील तेच
- वजनकाटा असेल तर ठीक, नसेल तर मुद्दाम आणू नका

काय घेऊ नका ते जास्त महत्त्वाचं. जिमची वर्षाची फी, ट्रेडमिल, एअर फ्रायर, मनगटावरचं घड्याळ, चिया सीड्सचं किलोचं पाकीट. आमच्या वरच्या मजल्यावर एक ट्रेडमिल आहे, त्यावर उन्हाळ्यात कुरडया वाळतात.

## ३. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा

सात दिवस जे तोंडात जातं ते लिहायचं. वहीत लिहा, मोबाईलवर लिहा, कसंही, पण खाल्ल्याखाल्ल्या लिहा, रात्री आठवून लिहिलं की खोटं लिहिलं जातं (मी लिहिलं). पुढच्या गोष्टी खास लिहा: चहा किती आणि त्यात साखर किती, बिस्किटं, मुलाच्या डब्यातलं परत आलेलं, स्वयंपाक करताना चाखलेलं, रात्री जेवण किती वाजता, झोप किती वाजता. मोबाईलमध्ये पावलं मोजली जातात तीही बघून ठेवा.

माझ्या वहीत दोन गोष्टी निघाल्या. जेवण मी काही फार करत नव्हते. पण दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि चमचे शिगोशीग. किचनच्या काट्यावर मोजलं तर सपाट चमचा चार ग्रॅमचा, शिगोशीग सातचा. चार चहा गुणिले चौदा, छप्पन्न ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभरात वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवा, पंचवीसच्या आत असेल तर आणखी चांगलं. म्हणजे बिस्किट, जॅम, सॉस, शिरा काहीही न धरता नुसत्या चहातच माझा कोटा पार. दुसरी गोष्ट म्हणजे पावलं. दिवसाला २,९०० च्या आसपास. मी स्वतःला "सारखी पळत असते" असं समजत होते.

## ४. एकच सवय निवडा

इथेच सगळे घसरतात. वहीत दहा चुका दिसतात आणि दहाही दुरुस्त कराव्याशा वाटतात. एकच घ्या. निवडताना मी तीन प्रश्न विचारले: ही गोष्ट रोज होते का, ती माझ्या एकटीच्या हातात आहे का, आणि वाईटात वाईट दिवशीही जमेल का. रविवारचा चिकन रस्सा आठवड्यातून एकदाच होतो, तो सोडून काय मिळणार. पहाटे पाचचं फिरणं आजारी पडले की बंद. चहातली साखर मात्र रोज चार वेळा आणि माझ्याच हातात, असं मला वाटलं होतं तरी.

एकदम शून्यावरही जाऊ नका. मी असे टप्पे केले: आधी शिगोशीगचे दोन सपाट चमचे, मग दीड, मग एक, मग अर्धा, मग काहीच नाही. प्रत्येक टप्प्याला दहाबारा दिवस. जिभेला खरंच वेळ लागतो आणि गंमत म्हणजे पुढे उलटं होतं, आता कुणाकडे दोन चमच्यांचा चहा दिला तर घशाखाली उतरत नाही.

पण "माझ्या हातात" हे खोटं निघालं. आमच्याकडे चहाला साखर आधणातच पडते. पाणी, साखर, पावडर, आलं सगळं एकदम उकळणार, मग दूध. सासूबाईंचं म्हणणं, साखर आधणात उकळल्याशिवाय चहाला चव येत नाही. पहिल्या दिवशी मी साखर वेगळी ठेवली तर त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, हा काढा कुणासाठी केलास?" दोन दिवस दोन पातेली केली, तिसऱ्या दिवशी वैतागले. शेवटी तडजोड अशी झाली की आधणात फक्त त्यांची आणि ह्यांची साखर, माझा कप दूध घालण्याआधीच गाळून बाजूला, त्यात वेगळं दूध. पाच कपांपैकी एक कप आधी काढला तर त्यात थोडी साखर येणारच, तेवढी मी सोडून दिली. पुढे महिन्याभराने त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांनाच साखर कमी करायला सांगितली आणि आधण आपोआप बदललं. म्हणजे श्रेय माझं नाही.

साखर सोडताना लागणारे सापळे:

गूळ. साखरेच्या जागी गुळाचा चहा हा बदल नाहीये. गुळातही मुख्य माल साखरच असते, रक्ताला रंगाचा फरक कळत नाही. चव आवडते म्हणून घ्या, औषध म्हणून नको.

बिस्किटं. चहातली साखर कमी झाली की हात बिस्किटाकडे जातो. डायजेस्टिव्ह लिहिलेलं असलं तरी मैदा किंवा कणीक, साखर आणि तेलच असतं त्यात. खारी आणि टोस्टचंही तेच. पुडा उलटा करून मागचं वाचा.

फळांचा ज्यूस. एका ग्लासात चार संत्री जातात, एका बैठकीत चार संत्री तुम्ही सोलून खाल का.

आणि चहाचा विषय निघालाच आहे तर, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात आहे, कारण चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. लोहाची गोळी घेऊन वर लगेच चहा पिणारी मीच होते.

## ५. किती दिवस धरून ठेवायचं?

एकवीस दिवसांत सवय लागते असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर अभ्यास झाला होता, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला जास्त लागतात. त्याच अभ्यासात अजून एक दिसलं जे माझ्यासाठी फार कामाचं ठरलं, की मधे एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर काही खास परिणाम होत नाही. माझा संक्रांतीचा तिळगूळ आठवा.

म्हणून मी तारीख धरली नाही. माझी खूण वेगळी होती: ज्या आठवड्यात मी त्या सवयीबद्दल घरात बोलले नाही, तो आठवडा संपला की ती बसली. साखरेला साधारण अडीच महिने गेले. कालनिर्णयवर रोज रात्री दुधाच्या खाड्याशेजारी एक टिंब द्यायचे, जूनच्या शेवटी लक्षात आलं की टिंब द्यायचंच चार दिवस विसरले आणि चहा मात्र बिनसाखरेचाच झालाय. मग दुसरी सवय घेतली. तोपर्यंत कितीही हात शिवशिवले तरी दुसरी घेऊ नका.

## ६. दुसरी सवय: शतपावली, आणि ती अक्षरशः शंभर पावलं

दहा हजार पावलांचं भूत आधी उतरवा. त्या आकड्यामागे तेव्हा फारसा अभ्यास नव्हता, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "दहा हजार पावलांचं मीटर" असं होतं, तिथून तो पसरला. २,९०० वाल्या बाईने दहा हजारांच्या मागे लागलं की तिसऱ्या दिवशी टाचा दुखतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालायला सांगते, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. तिथे पोचायचं आहे, पण सुरुवात तिथून करायची नाही.

आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली म्हणतात ना, मी ती शब्दशः घेतली. शंभर पावलं, जेमतेम एक मिनिट. जेवणाची ताटं उचलली की चपला घालायच्या आणि खाली जायचं, ओटा नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. ओटा आधी आवरायला घेतला की भांडी, मग दही लावणं, मग सकाळची भाजी निवडणं, आणि मग साडेदहा. नवी सवय एखाद्या रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला बांधा, माझ्यासाठी ताटं उचलणं ही ती गोष्ट होती, तुमच्यासाठी गाडी लावणं असेल किंवा मुलाला क्लासला सोडणं असेल, तो तासभर तुम्ही तिथे बाकावर मोबाईल बघत बसता तोच.

जेवणानंतरच का, तर खाल्लेल्याची साखर रक्तात यायला लागते तेव्हाच पायाचे स्नायू चालले की ती ते वापरून टाकतात. दहापंधरा मिनिटं सावकाश चाललं तरी जेवणानंतरचा उसळलेला आकडा खाली येतो. घाम येऊन दमेपर्यंत चालायची गरज नाही, पोट भरलेलं असताना ते करूही नका.

पहिल्या आठवड्यात मी एकटीच बिल्डिंगला एक फेरी मारून यायचे, वॉचमनला वाटायचं काही हरवलंय. दुसऱ्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या मीपण येते. त्यांचं वय ७२, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे वेग त्यांचा. एक फेरी झाली की जिन्यापाशी कट्ट्यावर बसायचं, मग दुसरी. दोनाच्या तीन, तिनाच्या पाच कधी झाल्या कळलंच नाही कारण त्यांना बोलायला कोणीतरी हवं होतं, वीस वर्षांत मला जेवढं त्यांच्या माहेरचं माहीत नव्हतं तेवढं त्या पार्किंगमध्ये कळलं. पावसाळ्यात गाड्यांच्या मधल्या गल्लीत चालायचो, छताखाली. आणि आता अशी अवस्था आहे की मला कंटाळा आला तरी नऊला त्या दारात चपला घालून उभ्या. "चला, आटपा." सिरियल त्यांनी सोडली, मी नाही सोडायला सांगितली.

चार महिन्यांनी पावलं साडेसहा हजारांवर गेली. त्यापुढे मी ताणलेलं नाही.

गुडघे, छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर वेग आणि अंतर डॉक्टरांना विचारून ठरवा. डायबेटिस असेल तर अनवाणी चालू नका.

## ७. तिसरी: ताटात काय आधी खायचं

इथे मी काही बंद केलं नाही, क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा भाजी, निम्मी संपवायची, मग पोळीला हात, भात शेवटी आणि एकच वाटी. भाज्या आणि डाळी-उसळी आधी पोटात गेल्या की मागून येणाऱ्या पोळीभाताची साखर सावकाश चढते. शिवाय तिसऱ्या पोळीची इच्छाच राहत नाही.

कोशिंबीर होत नाही कारण चिरायला वेळ नसतो, हे मला माहितीये. काकडी, गाजर, मुळा यातलं जे असेल ते कुकरची शिट्टी होईपर्यंत नुसतं उभं चिरायचं, दाण्याचं कूट-फोडणी काही नको. मटकी रविवारी भिजवून मोड काढून फ्रिजमध्ये, तीनचार दिवस जाते.

इथले सापळे पटपट सांगते. भाकरी चांगलीच, पण मोठ्या एका भाकरीला दोन पोळ्यांइतकं पीठ लागतं, परातीत मोजून बघा, म्हणजे "मी पोळी सोडली" म्हणत दोन भाकऱ्या खाल्ल्या तर चार पोळ्या झाल्या. मल्टीग्रेन आट्याच्या पिशवीत बरेचदा गहूच सगळ्यात जास्त असतो. आणि उपास! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्या पूर्वजांनी उगाच नाही म्हटलेलं. उपास करायचाच तर वरी, ताक, दाणे, रताळं, फळ आणि तेही पोटापुरतं.

ही सवय बसायला मला सगळ्यात जास्त, चार महिने लागले, कारण मी शेवटी उभ्याने जेवायची. सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्यापाशी जे उरलं ते. कोशिंबीर तोपर्यंत संपलेली. उपाय एकच, स्वतःचं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

## ८. चौथी आणि पाचवी

चौथी झोप. मोबाईलचा चार्जर बेडरूममधून हॉलमध्ये नेला, बस. अलार्मसाठी १८० रुपयांचं टेबलावरचं घड्याळ. साडेबाराची झोप साडेअकरावर आली.

पाचवी ताकद. सकाळी दूध तापत असताना डायनिंगच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. सुरुवात पाचपासून. दूध उतू जाईल म्हणून गॅसपासून लांब जाता येत नाही, आणि मोबाईल बघण्यापेक्षा बरं. आता वीस होतात. दोनदा दूध उतू गेलंय.

## ९. घरचे, ऑफिस आणि सणवार

कोणाला सांगू नका असं म्हणतात आणि सगळ्यांना सांगा असंही म्हणतात. माझा अनुभव, घरात जो स्वयंपाक करतो त्याला सांगा आणि बाकी कोणाला नाही. ऑफिसमध्ये साखर सोडली सांगितलं की प्रत्येक वाढदिवसाला "आज चालतंय गं एक दिवस" ऐकावं लागतं आणि महिन्याला आमच्याकडे चार वाढदिवस असतात. मी केकचा तुकडा घेते, टिश्यूत ठेवते, बोलत राहते. कोणी बघत नाही.

गणपती आणि दिवाळीच्या पंधरवड्यात नवी सवय सुरू करू नका, जुनी सांभाळली तरी पुष्कळ. उकडीचे मोदक किती खायचे ते सकाळीच ठरवते, तीन, आणि ते दुपारच्या जेवणात, वर तूप घालून, ताटावर बसून. येताजाता डब्यातून खाल्लेले मोजले जात नाहीत. दिवाळीत फराळाची ताटं वाटून टाका, घरात डबा उघडा राहिला की चकली संपेपर्यंत चैन पडत नाही.

## १०. घसरलात तर

ऑक्टोबर २०२३ मध्ये मला डेंग्यू झाला, तीन आठवडे चालणं बंद, वर भेटायला येणाऱ्यांनी आणलेले ज्यूसचे डबे. बरी झाल्यावर मी पाच फेऱ्यांवर परत जायचा प्रयत्न केला, दोन दिवसांत पाय गळाले. मग परत शंभर पावलांपासून. दुसऱ्या वेळी लवकर चढतं, पंधरा दिवसांत पूर्वीच्या ठिकाणी आले.

एक दिवस चुकला तर काही करू नका, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपास तर अजिबात नको. सलग चार-पाच दिवस चुकले तर सवय मोठी झालीये असं समजा आणि निम्मी करा. दोन आठवडे चुकले तर ती कोणत्या गोष्टीला बांधली होती ती बघा, बहुतेक तीच बदललेली असते, शिफ्ट बदलली, मुलाचा क्लास संपला, कामवाल्या मावशींची वेळ बदलली.

## ११. परत टेस्ट कधी

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आधी करून पैसे घालवू नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर या टेस्टमध्ये मोजतात, त्यामुळे मागच्या दोनतीन महिन्यांचाच हिशोब त्यात येतो. माझे आकडे असे गेले: ६.२, मग ६.१ (इथे रडायला आलं), मग ६.०, मधे डेंग्यूनंतर केलीच नाही, आणि सप्टेंबर २०२४ ला ५.८. शक्यतो लॅब एकच ठेवा. वजन महिन्यातून एकदा, कंबरही तेव्हाच. वजन दोन महिने हललं नव्हतं तेव्हा कंबर एक इंच कमी झालेली होती, टेप नसती तर मी सोडून दिलं असतं.

सध्या सहावी सवय चालू आहे आणि ही सगळ्यात अवघड आहे. पातेल्यात उरलेलं "वाया जायला नको" म्हणून पुसून खाणं. त्यासाठी स्टीलचे तीन छोटे डबे ओट्यावर उघडेच ठेवलेत, उरलं की त्यात. काल रात्री अर्धी वाटी भेंडीची भाजी उरली, डब्यात घातली, आज ऑफिसच्या डब्यात नेली. शेवटचा वरणभात मात्र कढईतच खाल्ला, चमच्याने, उभ्याने. कालच्या चौकटीत टिंब नाही.